तिसऱ्या दिवशी विचारा, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा विचारा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की सांगली, मिरज, पलूस, वाळवा, शिराळा भागात पूरपूर्व तयारीच्या बैठका सुरू होतात. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, सर्पदंशाच्या लसीचा साठा कुठे, ब्लिचिंग पावडरची पोती किती, कोणत्या वाडीवरची गरोदर बाई कोणत्या तारखेच्या आत हलवायची, असा सगळा हिशेब होतो आणि तो व्हायलाच हवा. त्यात एक रकाना मात्र नसतो. बोटीवर, रुग्णवाहिकेत, अपघात विभागात दिवसभर मरण हाताळून जी माणसं घरी जातात, त्यांच्याकडे नंतर कोण बघणार, कितव्या दिवशी बघणार आणि काय विचारणार? हा रकाना भरायला पैसा फारसा लागत नाही, पद्धत लागते. ती सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र आहे. लांबलं आहे याची कल्पना आहे, पण तपशिलाशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

आधी ही माणसं कोण, ते. ‘१०८’ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक; चालकाला या सेवेत पायलट म्हणतात. मानसिक आघाताचा विषय निघाला की तो डॉक्टरपाशीच थांबतो. पण स्ट्रेचरचं दुसरं टोक पायलट धरतो, पत्र्यात अडकलेला पाय तोच सोडवतो आणि गाडी उशिरा आली म्हणून पहिली शिवी त्यालाच बसते. कॅज्युअल्टीतली सिस्टर, ब्रदर, फरशीवरचं रक्त पुसणाऱ्या मावशी, बॉडी शवागारात नेणारे मामा, शवविच्छेदनाच्या खोलीतला मदतनीस, पुरात बोट चालवणारे गावातले तरुण, महाबळेश्वर-वाईकडे दोर लावून दरीत उतरणारे ट्रेकर हे सगळे याच यादीतले. नियंत्रण कक्षात फोन घेणारी मुलगीसुद्धा. तिला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. आणि फोन कट झाल्यावर पुढे काय झालं हे तिला बहुतेकदा कळतच नाही.

मानसिक आघाताचा आजार कामातून येतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आघातोत्तर ताणविकाराचे (पीटीएसडीचे) निकष सुधारले, तेव्हा कामाचा भाग म्हणून भीषण तपशील वारंवार समोर येणं हाही आघातच मानला आणि उदाहरण दिलं ते मानवी अवशेष गोळा करणाऱ्या मदतनिसांचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत हा विकार २०१० पासून आहे. आपल्या १९२३च्या भरपाई कायद्याला जोडलेल्या यादीत शिशाची विषबाधा होती, दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार होता. हा विकार नव्हता.

आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतलं काम शहरातल्यासारखं नसतं. जतच्या पूर्व भागातून अत्यवस्थ रुग्ण मिरजेला आणायचा म्हणजे दोन तासांच्या आसपास रस्ता. पाटण तालुक्यातल्या वाड्यांवरून कराड गाठायचं तर वळणावळणाचा घाट. इतका वेळ बंद गाडीत डॉक्टर एकटा, समोर रुग्ण आणि बाजूला त्याची आई. छाती दाबण्याचं शास्त्र असं सांगतं की मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण तेवढ्यात दाबणाऱ्याचा जोर उतरतो. गाडीत बदलायला माणूसच नसतो. रुग्ण गेला की ‘माझे हात कमी पडले’ हे मनात घट्ट बसतं. कमी पडलेलं असतं मनुष्यबळ, पण ते त्या डॉक्टरला कुणी सांगत नाही. हात कधी थांबवायचे हा निर्णयही त्याला आईच्या देखत घ्यावा लागतो.

दुसरं म्हणजे ओळख. तालुक्याच्या गावात स्ट्रेचरवरचा माणूस शेजारच्या गल्लीतला, शाळेतला, पाहुण्यातला निघतो. आणि तिसरं म्हणजे इथल्या केसेसचा हंगाम. गळीत सुरू झालं की मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर उभ्या असतात आणि दुचाकी थेट त्यांच्याखाली जाते. वर्षभर चालतात ती विषप्राशनं. फवारणीच्या औषधाचा लसणासारखा उग्र वास कपड्यांना, गाडीच्या सीटला दिवसेंदिवस राहतो. त्यातही एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. ऑर्गनोफॉस्फरस गटातलं औषध प्यायलेला रुग्ण ॲट्रोपिन या उताऱ्यावर सावरतो, बोलतो, पाणी मागतो. आणि काहींच्या बाबतीत एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडतात. ज्या सिस्टरने काल नातेवाइकांना ‘आता धोका कमी आहे’ असं सांगितलेलं असतं, तिच्यासाठी तो मृत्यू इतर मृत्यूंपेक्षा जड जातो.

मांढरदेवची २५ जानेवारी २००५ची चेंगराचेंगरी, ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी उलटलेली बोट, जुलै २०२१मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे कोसळलेल्या दरडी सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण आतून पोखरणाऱ्या बहुतेक केसेस आपल्याच वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत छापून येतात. शेततळ्यात बुडालेली दोन भावंडं, एवढंच.

वाईट केसनंतर पहिले काही दिवस झोप उडते, दृश्य डोळ्यांपुढे येतं, अन्न जात नाही, घरच्यांवर चिडचिड होते, भांडं पडलं तरी दचकायला होतं. हा आजार नव्हे. बहुतेकांचं हे सगळं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यामुळे महिना व्हायच्या आत कुणावरही आघातोत्तर ताणविकाराचा शिक्का मारू नये. त्याआधीच लक्षणं तीव्र असतील आणि तीन दिवसांहून अधिक टिकली, तर त्याला तीव्र ताणविकार म्हणतात. महिन्यानंतरही घटना नकळत पुन्हा पुन्हा जगावी लागणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल विचार काळवंडणं आणि शरीर सतत सावध राहणं अशी चारही प्रकारची लक्षणं असतील आणि रोजचं जगणं अडत असेल, तर मात्र उपचार हवेत. काहींमध्ये पूर्ण चित्र सहा महिन्यांनंतर उभं राहतं. ‘तेव्हा तर ठणठणीत होता की’ हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही.

ड्युटीवर ही लक्षणं ओळखू येत नाहीत, कारण ती आजारासारखी दिसतच नाहीत. एखादा पायलट एक ठरावीक वळण टाळून लांबचा रस्ता धरतो. डॉक्टर ड्युटी सुरू होताना किट तीन-तीनदा उघडून बघतो. लहान मुलाची केस आली की एक सिस्टर नेमकी स्टोअरमध्ये जाते. पूर्वी नातेवाइकांशी मऊ बोलणारा ब्रदर आता ‘सही करा आणि न्या’ एवढंच म्हणतो. वरिष्ठांना यात कामचुकारपणा किंवा उद्धटपणा दिसतो आणि मेमो निघतो. मेमोवर सही करण्याआधी त्या माणसाने मागच्या दोन महिन्यांत कोणत्या केसेस केल्या ते रजिस्टर काढून वाचावं. एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे सांगलीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पाणी चाळिसाला टेकलं की सामान माळ्यावर चढवणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. माणसांसाठीही अशा दोन पातळ्या आधीच ठरवून ठेवता येतील. सलग तीन रात्री नीट झोप नाही, एका प्रकारची केस टाळली जाते, ड्युटी संपल्यावर रोज दारू लागते, यातलं काहीही दिसलं की इशारा. महिन्यानंतरही दृश्यं येतात, रुग्णाला द्यायच्या औषधाचा डोस चुकू लागतो, घरात बोलणं बंद होतं, ही धोक्याची पातळी. आणि ‘मी नसलेलंच बरं’ असं कुणी बोललं तर ना तिसऱ्या दिवसाची वाट बघायची, ना अठ्ठाविसाव्या. त्याच तासाला सोबत माणूस, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ आणि तोवर औषधांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे.

आता सध्या काय होतं ते. मोठी घटना घडली की दोन-तीन दिवसांत सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवतात. बाहेरून तज्ज्ञ येतात, प्रत्येकाला काय पाहिलं ते सांगायला लावतात, ताणमुक्तीवर तासभर व्याख्यान होतं, चहा होतो, फोटो निघतो. हेतूबद्दल शंका नाही. पण एकदाच बसवून बोलतं करण्याची ही रीत उपयोगी ठरलेली नाही. तिचं मूळ जेफ्री मिशेल यांनी १९८३मध्ये अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी मांडलेल्या टप्प्याटप्प्यांच्या पद्धतीत आहे. पुढे तिचं एका बैठकीत उरकायचं रूप जगभर पसरलं. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००२च्या आढाव्यात अशा एकाच बैठकीने विकार टळत नाही असं दिसलं. एका चाचणीत तर वर्षभरानंतर बैठक घेतलेल्यांमध्ये विकाराचं प्रमाण जास्त निघालं. त्या चाचण्या मुख्यतः अपघातग्रस्तांच्या वैयक्तिक सत्रांच्या होत्या, कर्मचाऱ्यांच्या गटांच्या नव्हत्या, हे मान्य करायला हवं. तरीही नुकताच आघात झालेल्यांना असं बसवू नये, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

असं का होतं, हे हॉलमध्ये बसलेल्यांना लगेच पटेल. शरीर अजून धोक्याच्या अवस्थेत असताना तपशील उकरला की तो आणखी खोल रुततो. पायलटने गाडीच्या मागच्या भागात जे पाहिलेलंच नसतं, ते त्याला डॉक्टरच्या तोंडून ऐकावं लागतं. आणि समोरच्या रांगेत वरिष्ठ बसलेले असतात, त्यामुळे खरं कुणी बोलत नाही. त्याच बैठकीत ऑक्सिजनचं सिलिंडर का संपलं याचीही चौकशी सुरू झाली, तर उरलीसुरली दारंही बंद होतात. वैद्यकीय आढावा जरूर घ्यावा, पण वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या माणसांनी.

दुसरी चूक गोळ्यांची. अल्प्राझोलामसारख्या मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्या आरोग्य सेवेतल्या माणसाला सहज मिळतात. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणासाठी किंवा झोपेसाठी या गटातली औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. सवय लागते आणि मनाचं नैसर्गिक सावरणं अडण्याचीही शक्यता असते. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते. दुसऱ्या दिवशीचा माणूस अधिक थकलेला आणि अधिक चिडका असतो.

मग करायचं काय? सुरुवात पहिल्या तासापासून. काही प्रकारच्या केसेसनंतर गाडी आपोआप पाऊण तास ‘उपलब्ध नाही’ अशी नोंदली जावी. लहान मुलाचा मृत्यू, गाडीतच झालेला मृत्यू, एकाच ठिकाणी तीन किंवा अधिक मृत, ओळखीच्या माणसाची केस, कर्मचाऱ्यावर हल्ला, सहकाऱ्याला इजा. ‘आपोआप’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. मागावं लागलं तर कुणी मागणार नाही, कारण मागणारा कमकुवत ठरतो. जवळच्या तळावरची दुसरी गाडी तेवढा वेळ त्या भागाचे कॉल घेईल, याची सोय नियंत्रण कक्षाने आधीच आखून ठेवायची.

त्या पाऊण तासात हातपाय धुणं, कपडे बदलणं, काहीतरी खाणं आणि घरी एक फोन. तळावर प्रत्येकाचा एक जादा गणवेश हवा. रक्ताने भिजलेल्या शर्टावर उरलेले आठ तास काढायला लावणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. गाडी धुण्याकडेही लक्ष द्या. सांडलेलं रक्त आधी शोषक कापडाने झाकायचं, मग एक टक्क्याचं द्रावण (एक लिटर पाण्यात ३३ टक्के क्लोरीनची ३० ग्रॅम ब्लिचिंग पावडर) ओतून दहा मिनिटं ठेवायचं, नंतर साध्या पाण्याने पुसायचं, नाहीतर स्ट्रेचरचा धातू गंजतो. हे काम एकट्याला देऊ नये, आणि ज्याने त्या मुलाची छाती दाबली त्याला तर अजिबात नाही. गाडीतल्या वस्तूंची, म्हणजे बांगड्या, दप्तर, चपला यांची यादी करून, पिशवीत बांधून त्या लगेच पोलिसांकडे किंवा नातेवाइकांकडे द्याव्यात. घाईत हे राहून गेलं की दुसऱ्या दिवशी सीटखाली एक छोटी चप्पल सापडते आणि ती सापडणाऱ्याला पुढे वर्षभर छळते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका तीन कामं सांगते: पाहा, ऐका, जोडा. पहिल्या तीन दिवसांना एवढं पुरे आहे. जमल्यास दोन रात्रपाळ्या टाळाव्यात. सक्तीच्या रजेवर पाठवू नये. अनेकांना घरी एकटं बसण्यापेक्षा सोबत्यांमध्ये राहणं बरं वाटतं. विचारावं आणि त्याप्रमाणे ठरवावं. मोबाइलवर कॉलची जी रिंग असते ती बदलून द्यावी. फुकट होणारी गोष्ट आहे, पण शरीर त्या आवाजाला बांधलं गेलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी साथीदाराने भेटायचं. साथीदार म्हणजे वरिष्ठ नव्हे, समुपदेशकही नव्हे. तीन-चार वर्षं हेच काम केलेला, सहकाऱ्यांनी स्वतः निवडलेला माणूस. पायलटांसाठी पायलट, मावशींसाठी मावशी. दहा-पंधरा जणांमागे एक पुरतो आणि त्याला सुरुवातीला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागतं. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये ही पद्धत तयार झाली आणि तिथल्या रुग्णवाहिका सेवांमध्येही ती वापरतात. तिने आजार टळतो असा दावा आम्ही करत नाही, तसा पुरावा नाही. पण ती वापरून नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही आणि ज्याला गरज आहे तो माणूस वेळेवर सापडतो. आपल्याकडची खरी अडचण तीच आहे.

भेट अर्ध्या-पाऊण तासाची, दार लावता येईल अशा खोलीत. चहाच्या टपरीवर नको. क्रम ठरलेला: आधी, त्या वेळी, नंतर. ‘कॉल यायच्या आधी काय चाललं होतं? पोहोचल्यावर तू काय काय केलंस? घरी गेल्यावर जेवलास का, झोपलास का?’ मृतदेहाचं वर्णन विचारायचं नाही. ‘तुला कसं वाटलं’ हेही सारखं विचारायचं नाही. बोलता बोलता काही गोष्टींकडे कान ठेवायचा. आपला ताबा सुटला असं तो म्हणतो का? स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देतो का? लाज वाटते का? आपल्याच जिवाला धोका होता असं वाटलं का? जुनी एखादी केस वर आली का? दारू वाढली का? घरी बोलायला कुणी आहे का? कर्ज, आजारपण, असं दुसरं ओझं आहे का? साथीदाराने वहीत फक्त भेटीची तारीख आणि पुढची तारीख लिहायची, मजकूर एक ओळही नाही.

दोषाची भावना बोलून जात नाही, माहितीने बऱ्याचदा हलकी होते. म्हणून रुग्णालयांनी ज्या गाडीने रुग्ण आणला तिच्या डॉक्टर-पायलटला आठवड्याच्या आत निकाल कळवावा. महाधमनीच फाटलेली होती, रस्त्यात कुणीही काही करू शकलं नसतं, हे एक वाक्य दहा सल्ल्यांपेक्षा जास्त काम करतं. आणि रुग्ण वाचून चालत घरी गेला असेल तर तेही कळवावं. ते तर कधीच कळवलं जात नाही!

अठ्ठाविसाव्या दिवशी तोच साथीदार, तेच प्रश्न. उत्तरं सैलावली असतील तर ठीक. तशीच असतील किंवा वाढली असतील तर पीसीएल-५ ही वीस प्रश्नांची तपासणी करावी. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ८०. ३१ ते ३३च्या पुढे गुण गेले की तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी. सोबत उदासीनतेसाठी पीएचक्यू-९. त्यात १० किंवा अधिक गुण आले, किंवा जीव नकोसा वाटण्याबद्दलच्या नवव्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं, तर थांबायचं नाही. वाचता न येणाऱ्या मावशींना प्रश्न मराठीत वाचून दाखवावेत, घाई न करता. भरलेला कागद हे निदान नव्हे, आणि तो कागद कर्मचाऱ्याकडेच राहावा, आस्थापनेच्या फायलीत जाऊ नये.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आघातावर केंद्रित बोधात्मक-वर्तन उपचार साधारण ८ ते १२ सत्रांचे, आठवड्याला एक. डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर पद्धत आहे. गरज पडल्यास सर्ट्रालिनसारखं औषध, ज्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दोन सत्रांत फरक पडला नाही म्हणून सोडून देणारे बरेच असतात, त्यांना हे आधी सांगायला हवं.

पुरासारख्या मोठ्या प्रसंगी आणखी काही पथ्यं. मृतदेह हाताळायला जोडीने जावं, नवख्याबरोबर अनुभवी. पाळी बारा तासांपेक्षा लांबू देऊ नये आणि मृतदेहांच्या कामातला माणूस दर दिवशी बदलावा. चेहऱ्याकडे आणि वैयक्तिक वस्तूंकडे कामापुरतंच बघावं. दुर्गंधी मारण्यासाठी नाकाला व्हिक्स, अत्तर लावणं किंवा उदबत्ती पेटवणं टाळावं. पुढे घरच्या देव्हाऱ्यातली उदबत्तीसुद्धा तेच दृश्य परत आणते. चांगला मास्क वापरावा आणि दर तासाला बाहेर मोकळ्या हवेत यावं. घटनास्थळाचे फोटो कामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणं पूर्ण बंद करावं. ओळख पटवण्यासाठी लागणारे फोटो एकाच नेमलेल्या माणसाच्या मोबाइलवर राहावेत. आणि बोटीवरच्या तरुणांची नावं कोणत्याच हजेरीपटावर नसतात. ती मोबाइल क्रमांकासह ग्रामपंचायतीत आधीच लिहून ठेवली नाहीत, तर महिन्याने फोन कुणाला करायचा हेच कळणार नाही.

हे सगळं अडतं ते दोन ठिकाणी: गुप्तता आणि पगार. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८पासून लागू आहे आणि त्याच्या कलम २३ने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. पण आपल्याच रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीच्या रांगेत उभं राहिल्यावर गुप्तता उरते कुठे? यावर आमची सूचना अशी की सांगली आणि साताऱ्याने अदलाबदल करावी. सांगलीच्या कर्मचाऱ्यांना साताऱ्याकडच्या समुपदेशकांनी पाहावं, साताऱ्याच्या कर्मचाऱ्यांना सांगली-मिरजेच्या. पहिली भेट समोरासमोर, कराड दोघांनाही मध्ये पडतं. पुढच्या व्हिडिओ कॉलवर. दोन्हीकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं आहेत, नवं पद निर्माण करावं लागत नाही.

पगाराचा प्रश्न अधिक कठीण. यातले बरेच जण कंत्राटी आहेत. हजेरी नाही तर पैसे नाहीत. बारा आठवडे दर आठवड्याला अर्धा दिवस बुडवून, पदरचं एसटीचं भाडं घालून उपचाराला कोण येईल? म्हणून निविदेतच अट हवी: वर दिलेल्या केसेसनंतर साथीदाराच्या शिफारशीवर दोन पाळ्यांपर्यंत भरपगारी सुट्टी, वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय; आणि उपचाराचे अर्धे दिवस कामावर धरलेले. आरोग्य विमा असेल तर त्याच कायद्याच्या कलम २१प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावं लागतं, हे कंत्राटदारांना आणि कर्मचाऱ्यांनाही लेखी कळवावं.

हल्ल्याबद्दल थोडक्यात. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१०चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी मार खाल्लेला ब्रदर बऱ्याचदा एकटाच पोलीस ठाण्यात तासन् तास बसतो. फिर्याद संस्थेने द्यावी, आणि जबाबाच्या वेळी एक अधिकारी सोबत असावा.

शेवटी घरच्यांसाठी. ड्युटीवरून आलेल्या माणसाला ‘किती बॉडी होत्या?’ असं विचारू नका, मुलांसमोर तर नकोच. आंघोळ, गरम जेवण आणि अंधारी, शांत खोली एवढं आधी. तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर दुसऱ्या दिवशी बोलेल. झोपेत ओरडला तर हलवून उठवू नका, थोड्या अंतरावरून नाव घेऊन हाक मारा आणि दिवा लावा. ‘सोडून दे ती नोकरी’ हा सल्ला पहिल्या महिन्यात देऊ नका, घेऊही नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीनला, जेव्हा कोणतीच ओपीडी उघडी नसते, तेव्हा तो क्रमांक कामाला येतो. फोन बायकोने, आईने किंवा भावाने केला तरी चालतो.

आपले,
आपत्कालीन वैद्यकीय सेवा आणि मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही जण,
सांगली-मिरज